सोनेरी अक्षरं पिवळ्या प्लॅस्टिकची का दिसतात?

फुलपात्र | मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवी आहे.

आजीचं सहस्त्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे आणि पत्रिका करायचं काम माझ्या गळ्यात आलंय. मी दिवसभर पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर सांभाळते. चित्रकलेशी माझा संबंध एलिमेंटरीच्या परीक्षेनंतर संपला. पण घरच्यांच्या लेखी 'कॉम्प्युटरवाली' म्हटलं की वायफाय चालू करण्यापासून पत्रिका छापून आणण्यापर्यंत सगळं तिनेच करायचं.

मथळा सोनेरीच हवा असा आईचा हट्ट आहे. फोटोशॉपमध्ये मी हे केलं: बदामी पार्श्वभूमी, बालू फाँट, अक्षरांचा रंग २५५-२१५-० (लाल-हिरवा-निळा), त्यावर बेव्हल अँड एम्बॉस (अक्षराला उठाव देणारा इफेक्ट) जसं उघडतं तसंच, खाली ड्रॉप शॅडो. दिसतंय काय? लहान मुलांची फ्रिजवर चिकटवायची अक्षरं असतात ना, ती. सोनं सोडाच, पितळही नाही.

मग नेटवरून एक तयार 'गोल्ड स्टाइल' उतरवून घेतली. तिच्या नमुन्यातलं अक्षर असं झळकत होतं की तोळ्याचा भाव विचारावा. माझ्या शब्दाला लावली तर नुसता पिवळा चिखल.

नक्की चुकतंय कुठे?

तिरकस | मंगळवार, रात्री १०:५८

चकाकतं ते सगळं सोनं नसतं.

(ही म्हण या धाग्यावर कोणीतरी टाकणारच होतं. मी टाकून मोकळा झालो, आता कामाचं बोला.)

जोडाक्षर | मंगळवार, रात्री ११:१०

सोन्याचं नंतर बघा. आधी 'सहस्त्र' मधला त काढा. शब्द 'सहस्र' आहे, स ला र जोडलेला. शस्त्र, वस्त्र, स्त्री यांत त आहे, सहस्रात नाही. चौकातल्या फ्लेक्सवर हे चुकलेलं दिसतं तेव्हा मी मान फिरवून पुढे जातो, पण तुमची पत्रिका अजून छापायची आहे म्हणून सांगितलं.

फुलपात्र | मंगळवार, रात्री ११:१४

अरे देवा. कच्चा नमुना घरच्या ग्रुपवर टाकून झालाय आणि बावीस जणांनी 'सुंदर' म्हणून अंगठे दिलेत. त्यातले दोघं मराठीचे शिक्षक.

सोनारानेच कान टोचलेले बरे. धन्यवाद, लगेच बदलते.

तिरकस | मंगळवार, रात्री ११:२०

अवांतर: २९.५३ दिवसांचा चांद्रमास धरला तर हजार पौर्णिमा म्हणजे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि १० महिने. आजी वेळेत आहेत. आजींना नमस्कार सांगा.

रेंडरबाबा | बुधवार, सकाळी ७:०५

मी थ्रीडीमध्ये काम करतो, त्यामुळे दिवसाचे आठ तास धातूच बघतो. तुमची चूक पहिल्याच पायरीला झाली आहे. तुम्ही अक्षराला *रंग* दिलात.

प्लॅस्टिक, लाकूड, कापड यांत प्रकाश थोडा आत शिरतो, आतल्या रंगाने माखतो आणि सगळ्या दिशांना बाहेर पडतो. म्हणून प्लॅस्टिकची वस्तू कुठूनही बघा, तिचा आपला एक रंग दिसतो. त्यावर जी चमक पडते ती मात्र वरच्या पृष्ठभागावरून उडालेली असते, ती दिव्याच्याच रंगाची, म्हणजे बहुधा पांढरी. पिवळा रंग आणि वर पांढरी चमक, ही प्लॅस्टिकची व्याख्या झाली. तुम्ही नेमकं तेच केलंय. बेव्हल अँड एम्बॉस उघडलं की हायलाइट पांढरा आणि शॅडो काळा असतो, तो तुम्ही बदललेला नाही.

धातूत प्रकाश आत शिरून बाहेर येतच नाही. जे काही दिसतं ते सगळं प्रतिबिंब. सोनं निळा प्रकाश गिळतं आणि लाल-पिवळा परत फेकतं, त्यामुळे प्रतिबिंबच पिवळं होतं. म्हणजे सोन्यावरची चमकसुद्धा पिवळी. आम्ही थ्रीडीत सोन्याच्या परावर्तनाचा रंग साधारण २५५-२१९-१४५ धरतो. तुमच्या २५५-२१५-० शी ताडून बघा. तुमच्यात निळा शून्य आहे, खऱ्या सोन्यात बराच आहे. तुमचा तो रंग हळदीचा आहे. पी हळद अन् हो गोरी म्हणतात, पण हळद पिऊन सोनं होता येत नाही.

आता प्रश्न, अक्षरात प्रतिबिंब कशाचं? पडद्यावर आजूबाजूला खोलीच नाही. ती खोली तुम्हालाच रंगवावी लागते. ग्रेडियंट म्हणजे तीच खोली.

(हे सगळं खरोखर करायचं तर ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर घ्या, मेटॅलिक १, रफनेस ०.२ च्या आसपास, आणि भोवती एखाद्या खऱ्या खोलीचा एचडीआरआय (उजेड-अंधाराचे सगळे टप्पे धरणारा) फोटो. फक्त देवनागरी थेट ब्लेंडरमध्ये टाइप करू नका. माझ्याकडे 'र्श' चे तीन तुकडे झाले होते. इंकस्केपमध्ये लिहायचं, ऑब्जेक्ट टू पाथ करायचं, एसव्हीजी म्हणून आणायचं. पण एका पत्रिकेसाठी हा खटाटोप मी सुचवणार नाही.)

फुलपात्र | बुधवार, सकाळी ९:३०

बसमध्ये वाचलं आणि समोरच्या बाईंच्या मंगळसूत्राच्या वाट्यांकडे इतकं टक लावून बघितलं की त्यांनी पदर सारखा केला. पण खरंच! वाटी पिवळी नाहीच. वरचा भाग फिकट, मध्ये जवळजवळ काळी पट्टी, खाली पुन्हा उजळ. इतकी वर्षं गळ्यात घालून कधी बघितलं नव्हतं.

कुंचला | बुधवार, दुपारी १:१५

ती काळी पट्टी म्हणजेच सगळं सोनं, ताई.

मी कोल्हापुरात तीस वर्षं बोर्ड रंगवले. फ्लेक्स आला आणि ब्रश खाली ठेवावा लागला, पण हात अजून विसरला नाही. सराफाच्या पेढीचा बोर्ड असला की मालक म्हणायचा, सोन्याचा रंग वापरा. सोन्याचा रंग म्हणजे ब्राँझ पावडर. ती लावली की महिनाभर झळकते आणि एका पावसाळ्यात काळपट पडते. म्हणून मी एनॅमलनेच सोनं रंगवायचो. आधी अख्खं अक्षर पिवडीच्या रंगात. मग अक्षराच्या मधोमध आडवी रेघ धरायची, मनातल्या मनात. रेघेच्या वर आभाळ, खाली जमीन. आभाळ वरून खाली उजळत यायचं, रेघेपाशी सगळ्यात फिकट. रेघ ओलांडली की एकदम गडद, आणि तिथून खाली हळूहळू उजेड. गडद म्हणजे काळा नव्हे. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळ होतं, हे पहिल्या वर्षीच उस्तादांनी कान पिळून शिकवलं होतं. गडदाला गेरू. गेरूच्या खाली हवाच असेल तर तपकिरी.

आणि पांढरा? पांढऱ्यात पिवळ्याचा एक थेंब टाकून, बारीक ब्रशने, अख्ख्या शब्दात चार-पाच ठिकाणी. शिरोरेषेच्या टोकाला, काना जिथे वळतो तिथे. प्रत्येक अक्षरावर ठिपके दिले की ती जत्रेतली रोषणाई होते.

बोर्डाची जमीन गडद हिरवी किंवा मरून. बदामीवर सोनं रंगवायला मी तरी कधी होकार दिला नाही.

तिरकस | बुधवार, दुपारी १:४०

कुंचलाकाका, टोपी काढली आहे. 'वर आभाळ, खाली जमीन' एवढ्यावर स्वतंत्र लेख लिहा. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

चौथा कप | बुधवार, रात्री ९:५०

काकांनी सांगितलं तेच फोटोशॉपच्या भाषेत लिहितो. फुलपात्रताई, तुमच्याकडे जुनी आवृत्ती असेल तर आधी टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' निवडून फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतील.

पार्श्वभूमी गडद करा. काकांशी शंभर टक्के सहमत. पडद्यावर पांढऱ्याहून उजळ काही नाही, त्यामुळे चमक उजळ *दिसायला* शेजारी अंधारच लागतो.

ग्रेडियंट ओव्हरले, लिनियर, ९० अंश. वरून खाली असं: १९०-१३०-४०, मग हळूहळू २५५-२४५-२१० पर्यंत. मध्याच्या किंचित खाली रंगाचे दोन थांबे एकमेकांना जवळजवळ चिकटवा, एक हा फिकट आणि दुसरा ७०-४०-१०. ही झाली काकांची रेघ. तिथून खाली २५५-२१९-१४५ पर्यंत उजळत जा. बहुतेक तयार स्टाइलमध्ये हा धारदार कट नसतो, सगळं मऊ मऊ वितळलेलं असतं, म्हणून ती अक्षरं टॉफीसारखी दिसतात.

बेव्हल अँड एम्बॉस: इनर बेव्हल, टेक्निक 'चिझल हार्ड'. साइज ठरवायला अक्षराच्या दांड्याची जाडी मोजा. दांडा ४० पिक्सेलचा असेल तर साइज २०, म्हणजे दोन्हीकडचे उतार मध्यावर भेटतात आणि छिन्नीने कोरल्यासारखी धार येते. ग्लॉस काँटूर 'रिंग' करा आणि शेजारच्या अँटी-अलायस्डवर खूण करा, नाहीतर कडा करवतीसारख्या दिसतात. या एका काँटूरने अर्धं काम होतं. उजेडापासून सावलीपर्यंत सरळ उतरण्याऐवजी उजेड-अंधार-उजेड असे पट्टे पडतात, आणि प्रतिबिंब असंच दिसतं.

हायलाइट पांढरा ठेवू नका, फिकट पिवळा करा, मोड कलर डॉज किंवा लिनियर डॉज. शॅडो मल्टिप्लायच, पण काळ्याऐवजी ७०-३०-५ सारखा लालसर तपकिरी. हा तुमचा गेरू.

स्ट्रोक: २-३ पिक्सेल, फिल टाइप ग्रेडियंट, आणि तोच ग्रेडियंट उलटा. आत जिथे गडद तिथे काठावर उजळ. हे केल्यावर अक्षराला जाडी आल्यासारखी वाटते. सॅटिन, इनर ग्लो वगैरेंच्या नादी मी लागत नाही.

आता पिवळ्या चिखलाचं कोडं. लेयर स्टाइलमधली सगळी मापं पिक्सेलमध्ये असतात. ती स्टाइल ज्याने केली त्याचं अक्षर ६०० पिक्सेलचं असणार, तुमचं शंभराचं. ३० पिक्सेलचा बेव्हल ८ पिक्सेलच्या दांड्यात कोंबला की चिखलच होणार. लेयर, लेयर स्टाइल, स्केल इफेक्ट्स इथे जाऊन टक्केवारी कमी करा. उलटंही होतं: अक्षर फ्री ट्रान्सफॉर्मने मोठं केलं तरी इफेक्ट मोठे होत नाहीत, सोनं पातळ मुलामा दिल्यासारखं दिसतं.

आणि पत्रिकेवर आजींचा फोटो असेल तर त्यात उजेड कुठून आलाय ते बघा. बेव्हलचा अँगल १२० अंश असेल तर उजेड डावीकडून वरून येतो. फोटोतला उजेड उजवीकडचा असेल तर ६० करा. हे कोणी बोलून दाखवत नाही, पण काहीतरी खटकतंय एवढं सगळ्यांना जाणवतं.

मधली सुट्टी | बुधवार, रात्री १०:२०

एवढी मेहनत कशाला? एआयला सांगा 'सोनेरी अक्षरांत लिही', दोन मिनिटांत मिळतं.

फुलपात्र | बुधवार, रात्री १०:३१

केलं होतं, मधली सुट्टी. सोनं अप्रतिम होतं. शब्द 'सहसचद्रदरशन' होता.

जोडाक्षर | बुधवार, रात्री १०:३३

निदान त नव्हता.

फुकटचंबू | गुरुवार, सकाळी ८:१५

फोटोशॉप विकत घेणं ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी गिंप. (ब्राउझरमध्येच फोटोपी उघडलं तर चौथा कपच्या सगळ्या पायऱ्या तिथेही जवळपास तशाच होतात, लेयर स्टाइल आहेत. पण गिंपचा रस्ता वेगळा आहे आणि मला तो जास्त आवडतो, कारण त्यात सोनं कसं घडतं ते टप्प्याटप्प्याने दिसतं.)

काळ्यावर पांढरी अक्षरं लिहा. इमेज मेनूत प्रिसिजन ३२ बिट करून घ्या. हे विसरलात तर पुढे उतारावर जिन्याच्या पायऱ्या दिसतील, मी दोन रविवार त्या पायऱ्या घासण्यात घालवलेत. अक्षरांचं सिलेक्शन जपून ठेवा. मग अक्षरांना गॉसियन ब्लर द्या, दांड्याच्या जाडीच्या साधारण तिसरा हिस्सा. हा झाला उंचीचा नकाशा: पांढरं म्हणजे उंच, काळं म्हणजे खोल.

नवीन लेयर, मध्यम राखाडी रंगाचा. त्यावर बम्प मॅप फिल्टर, नकाशा म्हणून तो ब्लर केलेला लेयर. आता राखाडी मातीत उमटवल्यासारखी अक्षरं दिसतील. कंटाळवाणी. इथे थांबू नका.

कर्व्हज उघडा आणि सरळ रेघेऐवजी लाट काढा, वर-खाली-वर-खाली, दोन-अडीच लाटा. त्या क्षणी माती धातू होते. हात तिथेच थांबतो, दहा वर्षांनी सुद्धा. चौथा कप म्हणाला ते रिंग काँटूर आतून हेच करतं.

अजून चांदीच आहे. शेवटी कलर्समध्ये मॅप, ग्रेडियंट मॅप, आणि काळा-गेरू-पिवडी-फिकट पिवळा असा ग्रेडियंट. चांदीचं सोनं. जपून ठेवलेल्या सिलेक्शनने मास्क लावून बाहेरचं कापून टाका.

गिंप २.१० मध्ये हे फिल्टर लावले की कायमचे लागतात, शब्द बदलला की सगळं पहिल्यापासून. ३.० मध्ये त्यातले बरेचसे नंतरही बदलता येतात. सहस्त्रचं सहस्र करायची वेळ येणाऱ्यांनी ३.० घ्यावं. (हघ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

तिरकस | गुरुवार, सकाळी ८:४०

वाखु (वाचनखूण) साठवली.

कुंचला | गुरुवार, सकाळी ११:००

चंबू, तुमची लाट वाचून राजा रविवर्म्याची आठवण झाली. तंजावरचे चित्रकार देवाच्या अंगावर खरा सोन्याचा पत्रा चिकटवायचे, खाली उठाव करून. रविवर्म्याने तैलरंगातच दागिना रंगवला, पत्रा नाही. जवळ जाऊन बघा, हारात सोनेरी असा रंगच सापडत नाही. तपकिरी, पिवडी, आणि मण्यावर एक फिकट टिंब. दोन पावलं मागे या, हार झाला. पुढे त्याच चित्रांची छापील प्रत घराघरात गेली. घाटकोपरला १८९४ मध्ये त्याने छापखाना काढला होता, तो नंतर मळवलीला गेला. काही प्रतींवर बायका पुन्हा खरी जर आणि टिकल्या चिकटवायच्या! म्हणजे छापलेल्या सोन्याने समाधान होत नाही हे दुखणं तेव्हापासूनचं आहे.

रेंडरबाबा | गुरुवार, सकाळी ११:२५

काका, हे वाचून आजचं काम बाजूला ठेवलं. धाग्याचं काश्मीर झालं, म्हणजे विषय भरकटला, तरी चालेल, लिहीत राहा.

फुलपात्र | शुक्रवार, रात्री ११:५०

प्रगती कळवते. पार्श्वभूमी मरून केली, ग्रेडियंटमध्ये कट घातला, हायलाइट-शॅडोचे रंग बदलले. रात्री साडेनऊला पहिल्यांदा आई मागून येऊन म्हणाली, "हं, आता कसं!"

पण दोन अडचणी. एक, मी मध्येच हौसेने फाँट बदलून रोझा वन घेतला. त्यात जाड दांडे छान कोरल्यासारखे दिसतात पण बारीक रेघा तारेसारख्या होतात, आणि 'स्र' व 'द्र' मध्ये नुसती गिचमीड. दोन, हाताने केलेला ग्रेडियंट चांगला आहे पण 'केलेला' दिसतो. काहीतरी खोटं आहे त्यात.

चौथा कप | शनिवार, सकाळी ७:४५

पहिली अडचण साइजची. बेव्हलचं माप सगळीकडे एकच, त्यामुळे जाड-बारीक रेघांच्या फाँटमध्ये बारीक रेघेचा डोंगर आधीच टोकाला पोचतो. सारख्या जाडीचा फाँट घ्या, मुक्ताचं सगळ्यात जाड वजन चालेल. मोदक आणखी जाड आहे, पण आतल्या मोकळ्या जागा एवढ्याशा असतात, 'सहस्र' ठीक दिसेल, 'दर्शन' गुदमरेल. अक्षरांतलं अंतर थोडं वाढवायचा मोह होईल, तो टाळा, शिरोरेषा तुटते.

कोरलड्रॉमध्ये करणाऱ्यांसाठी: अक्षरं कर्व्हज (टाइपऐवजी नुसत्या बाह्यरेषा) केल्यावर शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. आधी वेल्ड करा, मग काँटूर द्या, नाहीतर सोन्यात प्रत्येक अक्षरापाशी डागणीची खूण दिसेल.

जोडाक्षर | शनिवार, सकाळी ८:०२

फाँट बदलताच आहात तर श कडेही बघा. बऱ्याच फाँटमध्ये श आणि ल हिंदी वळणाचे येतात. मराठी वळणाचा श हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी आहे, तो खास मराठीसाठी वेगळा काढलाय. आजींना फरक कळेल. त्या पिढीला कळतो.

चौथा कप | शनिवार, सकाळी ८:१०

तिरो नाजूक आहे हो, पुस्तकाच्या मजकुराचा फाँट. बेव्हलखाली त्याची हाडं दिसतील.

जोडाक्षर | शनिवार, सकाळी ८:१२

मग बेव्हल काढा.

रेंडरबाबा | शनिवार, सकाळी १०:३०

दुसऱ्या अडचणीवर उपाय तुमच्या नावातच आहे, फुलपात्र. घरात पितळेचं काही आहे? तांब्या, डबा, समई? चिंचेने लखलखीत घासा, खिडकीपाशी ठेवा, फोटो काढा. त्या फोटोतली उभी अरुंद पट्टी कापा, आडवी ताणून अक्षरांवर ठेवा, क्लिपिंग मास्क करा (म्हणजे पट्टी फक्त अक्षरांच्या आत दिसेल), आणि ग्रेडियंट ओव्हरले बंद. खऱ्या खोलीचं खरं प्रतिबिंब मिळेल. हाताने केलेल्या ग्रेडियंटमध्ये सगळे पट्टे शहाण्यासारखे सारख्या अंतरावर असतात, खऱ्या तांब्यात तसे नसतात. खोटेपणा वाटतो तो त्यामुळे.

पितळ सोन्यापेक्षा थोडं हिरवट असतं, ह्यू लालकडे किंचित सरकवा.

खिळा | शनिवार, दुपारी ४:००

उशिरा आलो. सगळं वाचलं, आनंद झाला, आता थोडं पाणी ओततो. माझा छापखाना आहे.

ताई, हे सोनं कागदावर कसं आणणार? चार रंगांच्या छपाईत सोनं नाही. निळा, गुलाबी, पिवळा, काळा, बस. पडद्यावर तुमचं अक्षर प्रकाश फेकतं, कागदावर सगळ्यात उजळ म्हणजे कोरा कागद. तुमची फाइल थेट छापली तर मोहरीचा रंग येईल, आणि आरजीबीतून (पडद्याच्या रंगांतून) आपोआप बदलताना सावल्यांत काळा शिरला तर काकांचं शेवाळ येईल. छापायचीच असेल तर सावल्या नुसत्या काळ्याने नका करू, गुलाबी वाढवून करा. गडद जागी निळा ३०, गुलाबी ६०, पिवळा १००, काळा ३० च्या आसपास बघा. फ्लेक्सवर हे चालून जातं, कारण तो वीस फुटांवरून बघायचा असतो. पत्रिका हातात घेऊन बघतात.

सोनेरी शाई मिळते, पँटोन ८७१ वगैरे, त्यात पितळेची पूड असते. गुळगुळीत कागदावर बरी दिसते, साध्या कागदावर शाई आत शोषली जाते आणि चमक जाते.

मग उरलं फॉइल. आणि गंमत ऐका, सोनेरी फॉइलमध्ये सोनं नाही आणि पितळही नाही. पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीवर पिवळसर लाखेचा थर आणि त्याच्या मागे अ‍ॅल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर. अ‍ॅल्युमिनियम प्रकाश परत फेकतं, लाख त्याला पिवळा करते. रेंडरबाबांनी सांगितलं तेच, प्रतिबिंब पिवळं झालं की सोनं.

फॉइलसाठी मला काय लागतं? सपाट काळं अक्षर. शंभर टक्के काळा, कर्व्हज केलेला, वेगळ्या फाइलमध्ये. बेव्हल नको, ग्रेडियंट नको, सावली नको. उजेड-सावली वाचणारा स्वतः पत्रिका हलवून करतो. तापलेला ब्लॉक फॉइल दाबतो आणि चिकटवतो. फार बारीक रेघ धरत नाही आणि फार बारीक मोकळी जागा बुजते, तेवढं सांभाळा.

किती प्रती? ब्लॉकचा खर्च एकदाच असतो, पाचशेला परवडतो, पन्नासाला नाही.

फुलपात्र | शनिवार, दुपारी ४:२०

साठ.

म्हणजे आठवडाभर मी जे शिकले ते सगळं काढून सपाट काळं अक्षर द्यायचं?

तिरकस | शनिवार, दुपारी ४:२२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

खिळा | शनिवार, दुपारी ४:४५

छापण्यासाठी हो. व्हॉट्सअ‍ॅपवर जी जाईल तिच्यासाठी तुमचं सोनं लागणारच की. आणि हल्ली साठातले पन्नास जण तीच बघतात.

साठ प्रतींसाठी ब्लॉक नका करू. लेझर प्रिंटरवर मथळा काळ्यात छापा, टोनरला चिकटणारं फॉइल वर ठेवा आणि लॅमिनेटरमधून काढा. उष्णतेने टोनर वितळतो, फॉइल फक्त तेवढ्याच जागी धरतं, बाकीचं सोलून निघतं. इंकजेट चालणार नाही, त्याच्या शाईला काही चिकटत नाही. उरलेला मजकूर आणि फोटो नंतर छापायचा नाही, आधी छापून घ्यायचा, पण इंकजेटवर, टोनरवर नाही. टोनरने छापला तर आजींच्या फोटोलाही सोन्याचा मुलामा चढेल.

मुंबईत असाल तर गिरगावात खाडिलकर रोडवर पत्रिकांची दुकानं ओळीने आहेत, तिथे फिरून कागद हातात घेऊन बघा. मरून कागद घेतलात तर बाकी मजकूरही फॉइलचाच करावा लागेल, कारण मरूनवर साधी शाई दिसणार नाही. बदामी कागदावर फॉइल छान दिसतं. तुमची पहिली निवड फॉइलपुरती बरोबर होती.

कुंचला | शनिवार, संध्याकाळी ६:१०

माघार घेतो. बदामीवर *रंगवलेलं* सोनं नको म्हणालो होतो, फॉइल चालेल.

जोडाक्षर | शनिवार, संध्याकाळी ६:१५

आणि आता तिरोही चालेल. बेव्हल नाही ना.

फुलपात्र | पुढचा रविवार, रात्री ९:००

झालं!

छापील पत्रिका: बदामी कागद, मथळा तिरो देवनागरी मराठीत, टोनर फॉइल. पहिल्या सहा प्रती वाया गेल्या, लॅमिनेटर पुरेसा तापायच्या आधीच कागद घातला आणि 'चंद्र' अर्धा उगवला. बाकीच्या बिनचूक. आजीने पत्रिका हातात घेतली, खिडकीकडे तिरपी धरली, पुन्हा सरळ केली, पुन्हा तिरपी. मग म्हणाली, "श चांगला आलाय."

जोडाक्षर, हे तुमच्यासाठी.

व्हॉट्सअ‍ॅपची पत्रिका: मरून, मुक्ता, चिझल हार्ड, ग्रेडियंटच्या जागी आमच्या तांब्याची पट्टी, गेरूच्या सावल्या, आणि काकांच्या हिशोबाने फक्त पाच ठिपके. त्या दोन मराठीच्या शिक्षकांनी पुन्हा 'सुंदर' म्हटलंय. पहिल्या वेळचा त कोणाच्याच लक्षात नव्हता, हे त्यांना सांगायचं की नाही ते ठरलेलं नाही.

नवा_कोरा | सोमवार, सकाळी १०:१०

छान धागा. मुलाची मुंज आहे, पीएसडी फाइल मिळेल का?

फुलपात्र | सोमवार, सकाळी १०:४०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. शब्द बदलून घ्या आणि स्केल इफेक्ट्स विसरू नका. पण तांब्याची पट्टी काढून तुमच्या घरच्या तांब्याची घाला, कारण त्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज दिसतात. आणि 'स' च्या पोटात जो गडद ठिपका आहे तो डाग नाही, ती फोन धरून उभी असलेली मी आहे.